होडीच्या इंजिनातली ठिणगी

पावसाळा सुरू झाला की आमच्या कुरुंदवाडची माणसं सकाळचा चहा घेण्याआधी घाटावर जाऊन पाणी बघून येतात. पंचगंगा आणि कृष्णा यांचा संगम गावाच्या उशाशी आहे. सेनापती संताजी घोरपडे यांची समाधी याच घाटावर. समोर नरसोबाची वाडी. नदीचं पाणी वाडीच्या देवळात शिरून पादुकांवरून दक्षिणेच्या दाराने बाहेर पडू लागलं, की 'दक्षिणद्वार' झालं म्हणून भाविक स्नानाला धावतात. आमच्याकडची जुनी माणसं त्याच वेळी मनात दुसरा हिशेब मांडत असतात. पाणी आता कुठवर चढणार, आणि होडी कुठं आहे?

2005, 2019 आणि 2021 या तिन्ही सालांत पाण्याने सगळे हिशेब चुकवले. कृष्णा फुगली की ती पंचगंगेचं पाणी पुढं घेत नाही, ते मागं तुंबतं. मग नदी पात्रात राहत नाही. उसाच्या फडांवरून, रस्त्यांवरून, मळ्यातल्या वस्त्यांमधून पसरते. पूर्वी अशा वेळी नावाडी वल्ह्यांनी नाव न्यायचे. नाव मिळाली नाही तर गुऱ्हाळाची काहील पाण्यात सोडून तिच्यातून माणसं बाहेर काढायचे. आता होडीच्या मागं छोटं इंजिन लावलेलं असतं. कागदोपत्री त्याला आउटबोर्ड मोटर म्हणतात, आमची माणसं सरळ 'इंजान' म्हणतात. पुरात सगळ्यांचा भरवसा त्या इंजानावर असतो. आणि इंजानाचा भरवसा असतो एका बारीक ठिणगीवर. आज मी त्या ठिणगीबद्दल बोलणार आहे.

मी आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिक विभागात शिल्पनिदेशक होतो. मुलांना फळ्यावर आकृती काढून हे सगळं शिकवत होतो. पण त्याची खरी किंमत मला कळली ती 2005 च्या पुरात.

आमच्या गल्लीतल्या तालमीच्या पोरांनी मालवणकडून एक जुनं इंजिन विकत आणलं होतं. एक सिलिंडर, पाच हॉर्सपॉवर, पेट्रोलमध्ये ऑईल मिसळून चालणारं. ते पत्र्याच्या होडीला लावलं होतं. होडी चालवायला आमचे तात्या. त्यांचा जन्म नावेत गेलेला. त्या दिवशी मळ्यातल्या वस्तीवरून माणसं आणण्याच्या तीन फेऱ्या नीट झाल्या. चौथ्या फेरीला होडीत आम्ही नऊ जण होतो. त्यात माझी सत्तरीची मावशी होती आणि एक तीन वर्षांचं पोर होतं. गावाकडं येताना निम्म्या वाटेत इंजान खोकलं आणि बंद पडलं.

तात्यांनी दोरी ओढली. पंधरा वेळा ओढली, वीस वेळा ओढली. काही उपयोग झाला नाही. होडीत वल्हं एकच होतं, कारण इंजिन आल्यापासून वल्ह्यांकडं कुणी बघत नव्हतं. पाणी आम्हाला हळूहळू नदीच्या मुख्य धारेकडं घेऊन चाललं. उसाचे शेंडे बाजूने सरकताना दिसत होते. शेवटी एका बाभळीचा शेंडा हाताला लागला. तात्यांनी दोर टाकून होडी तिला बांधली आणि आम्ही काट्यांत अडकून बसलो. कुणी बोलत नव्हतं. मावशी तेवढी दत्ताचं नाव घेत होती.

साधारण चाळीस मिनिटांनी तात्यांनी सहज म्हणून पुन्हा दोरी ओढली, आणि दुसऱ्या झटक्याला इंजान सुरू झालं! आम्ही काठाला लागलो. मावशीने नवस फेडला. पण मला रात्रभर झोप लागली नाही. बंद पडलेलं यंत्र आपोआप कसं सुरू झालं?

दुसऱ्या दिवशी तात्या म्हणाले, "मास्तर, पेट्रोलात घाण हुती. निघून गेली, इंजान सुरू झालं. त्यात इचार काय करायचा?"

मी म्हणालो, "तात्या, तुम्ही म्हणता तसंही असेल. पण घाण गेली म्हणजे कुठं गेली? ती परत आली तर?"

हा प्रश्न समजून घ्यायचा तर इंजिनाच्या आत थोडं डोकावावं लागेल. आपल्या भागात शेतीला पाणी उपसायला वर्षानुवर्षं डिझेल इंजिनं वापरली. त्यामुळं 'इंजिन' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर तेच येतं. पण डिझेल इंजिनात ठिणगी नसतेच. तिथं हवा इतकी दाबली जाते की ती तापते आणि फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. पेट्रोलच्या इंजिनात तसं होत नाही. तिथं पेट्रोल आणि हवेचं मिश्रण दाबून ठेवायचं आणि नेमक्या क्षणी प्लगच्या टोकाला ठिणगी पाडायची. आमच्या इंजिनासारख्या टू-स्ट्रोक यंत्रात दर फेऱ्याला एक ठिणगी लागते. यंत्र मिनिटाला चार हजार फेरे घेत असेल, तर सेकंदाला सासष्ट ठिणग्या झाल्या.

आता ही ठिणगी येते कुठून? होडीवर बॅटरी नाही, विजेची तार नाही. याचं उत्तर मायकेल फॅरेडे यांनी 1831 साली शोधून ठेवलं आहे. तारेच्या वेटोळ्याजवळून लोहचुंबक फिरवलं की तारेत वीज तयार होते. जर्मनीत बॉश यांच्या कारखान्यात 1902 साली याच तत्त्वावर प्लगला ठिणगी देणारा मॅग्नेटो तयार झाला. अमेरिकेत ओले एव्हिनरूड यांनी 1909 मध्ये होडीला मागून लावायची मोटर बाजारात आणली. पुढं कित्येक वर्षं या छोट्या मोटरींना मॅग्नेटोच वीज देत आला.

दोरी ओढता तेव्हा वरचा जो जड चक्का फिरतो, त्याच्या आत चुंबकं बसवलेली असतात. गॅरेजमध्ये त्या चक्क्यालाच 'मॅग्नेट' म्हणतात. त्याच्या खाली एका पाटावर तीन वस्तू असतात. पहिली कॉईल, दुसरी पॉइंट आणि तिसरी कंडेन्सर. कॉईलमध्ये दोन वेटोळी असतात. एक जाड तारेचं, थोड्या वेढ्यांचं. दुसरं केसासारख्या बारीक तारेचं, हजारो वेढ्यांचं.

हे काम कसं चालतं ते आपल्या शेतकऱ्याला चटकन कळेल. पाणीपुरवठ्याची लांब पाइपलाइन डोळ्यांपुढं आणा. पाणी जोरात वाहतं आहे आणि कुणी तरी व्हॉल्व्ह झटकन बंद केला. काय होतं? पाइपला असा दणका बसतो की जोड निसटतात. नेहमीच्या दाबापेक्षा तो दणका कितीतरी पट मोठा असतो. मॅग्नेटोत तेच होतं. चुंबक जवळ आलं की जाड तारेतून वीज वाहायला लागते. पॉइंट म्हणजे तिचा व्हॉल्व्ह. दोन लहान धातूच्या टिकल्या एकमेकींना चिकटलेल्या असतात. नेमक्या क्षणी दांड्यावरचा उंचवटा त्यांना दूर ढकलतो, वाहणारी वीज एकदम तुटते आणि दणका बसतो. तो दणका बारीक तारेच्या हजारो वेढ्यांत उमटतो आणि तिथं दहा-पंधरा हजार व्होल्ट तयार होतात. आपल्या घरात वीज असते 230 व्होल्टची. त्यावरून अंदाज करा.

पण व्हॉल्व्ह बंद करताना जोडच निसटला तर दणका वाया जाईल. पॉइंट उघडताना वीज टिकल्यांमधल्या फटीतूनच उडी मारायला बघते. तिला तिथं अडवायचं काम कंडेन्सर करतो. तो त्या क्षणाची वीज स्वतःत साठवून घेतो. त्यामुळं टिकल्यांमध्ये ठिणगी पडत नाही, वीज झटकन तुटते आणि प्लगला जोरदार ठिणगी मिळते. कंडेन्सर दिसायला बोटाच्या पेराएवढा, आणि किमतीत सगळ्यांत स्वस्त.

आता आमच्या इंजिनाकडं परत येऊ. पूर ओसरल्यावर मी ते घरी आणलं आणि पाण्याने भरलेल्या मोठ्या पिंपात बुडवून सुरू केलं. हे लक्षात ठेवा, अशी मोटर कोरडी कधीही चालवू नये. तिला थंड ठेवणारं पाणी खालूनच ओढलं जातं, आणि ते ओढणारा रबरी पंखा कोरडा फिरला तर थोड्याच वेळात जळतो.

इंजिन छान सुरू झालं. तात्या माझ्याकडं बघून हसले. मी म्हटलं, "थांबा जरा." आम्ही चहा घेतला. पंचविसाव्या मिनिटाला इंजान खोकलं आणि बंद पडलं. अगदी त्या दिवशीसारखं. मी लगेच प्लग काढला, त्याचं अंग इंजिनाच्या लोखंडाला टेकवलं आणि दोरी ओढायला सांगितली. ठिणगी नव्हती. पेट्रोल तर कार्बोरेटरपर्यंत व्यवस्थित येत होतं. अर्ध्या तासाने इंजिन निवल्यावर तोच प्लग, तीच वायर आणि ठिणगी हजर!

घाण पेट्रोलात नव्हती. चक्क्याला जी खिडकी असते तिच्यातून पॉइंट पाहिले. टिकल्या काळ्या पडल्या होत्या. एकीवर खड्डा आणि दुसरीवर तेवढाच उंचवटा. कंडेन्सर बिघडत चालल्याची ही खूण. थंड असताना तो काम करत होता, गरम झाला की गळत होता. बाभळीला बांधून बसलो तेव्हा आम्ही दुसरं काही केलं नव्हतं, कंडेन्सर थंड होऊ दिला होता. स्कूटरच्या स्पेअर पार्टच्या दुकानातून त्याच क्षमतेचा, म्हणजे 0.2 मायक्रोफॅरॅडच्या आसपासचा कंडेन्सर आणून बसवला. टिकल्या बदलल्या. पिंपात सलग तासभर इंजिन चालवलं. ते थांबलं नाही. नऊ जणांचा जीव टांगणीला लागला होता तो सिनेमाच्या तिकिटाच्या किमतीच्या एका वस्तूपायी.

तात्यांनी एवढंच विचारलं, "मंग हे आधी का न्हाई बघितलं?" त्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. इंजिन वर्षभर खोलीत पडून होतं. पुराच्या आदल्या दिवशी थंड असताना एकदा सुरू केलं आणि 'चालतंय' म्हणून होडीला लावलं. आमची चूक तिथं झाली.

ज्यांच्याकडं असं जुनं यंत्र आहे, त्यांनी तपासणी कशी करावी ते आता सांगतो. यात अवघड काही नाही, पण क्रम पाळला पाहिजे.

सगळ्यांत आधी ठिणगी बघा. प्लग काढा, तो वायरच्या टोपीत बसवा आणि त्याचं लोखंडी अंग इंजिनाला घट्ट टेकवून दोरी ओढा. प्लगच्या भोकापासून तो दूर धरा. भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येते आणि ती पेटू शकते. ठिणगी निळसर पांढरी, कडक आवाज करणारी हवी. पिवळी आणि बारीक असेल तर ती कमजोर समजा. इथं एक फसगत होते. उघड्या हवेत पडलेली ठिणगी इंजिनाच्या आत पडेलच असं नाही. आत मिश्रण दाबलेलं असतं, त्या दाबात उडी मारायला जास्त व्होल्ट लागतात. म्हणून उघड्या हवेत पाच-सहा मिलिमीटरची फट ओलांडते का ते बघावं. त्यासाठी स्क्रूने फट कमी-जास्त करता येणारं साधं तपासणी-साधन मिळतं. ठिणगी बघताना प्लग लोखंडाला टेकलेला नसेल तर वीज बाहेर पडायला वाट मिळत नाही आणि कॉईलचं आतलं आवरण फुटू शकतं.

ठिणगी नसेल तर लगेच चक्का खोलू नका. आधी इंजिन बंद करायच्या बटणाची वायर सोडवून बघा. हे बटण दाबल्यावर वीज लोखंडात उतरते आणि ठिणगी थांबते. वायर कुठं घासून लोखंडाला लागली असेल तर बटण कायम दाबल्यासारखं होतं. कित्येकदा बिघाड एवढाच असतो. मग प्लग बदला, वायरची टोपी बघा. ओलीमुळं टोपीत हिरवट गंज चढतो.

यानंतर पॉइंट. वर्षभर पडून राहिलेल्या टिकल्यांवर डोळ्यांना न दिसणारा थर चढतो आणि वीज पलीकडं जात नाही. पॉइंटच्या पातळ कानशीने हलकेच घासा आणि नंतर पेट्रोलमध्ये भिजवलेला स्वच्छ जाड कागद त्यांच्यामधून ओढून काढा. कानशीचा कीस किंवा बोटाचं तेल राहिलं तर केलेलं काम फुकट जातं. मग दांड्याच्या उंचवट्यावर पॉइंट पूर्ण उघडे असताना फिलर गेजने फट मोजा. बऱ्याच जुन्या लहान इंजिनांत ती 0.35 ते 0.5 मिलिमीटरच्या दरम्यान असते. आपल्या इंजिनाचा आकडा त्याच्या पुस्तिकेत असतो, तोच खरा. फट वाढली की पॉइंट लवकर उघडतात आणि ठिणगी आधी पडते. फट कमी झाली की ठिणगी उशिरा पडते. त्यामुळं ही नुसती साफसफाई नाही, त्यात ठिणगीची वेळही बदलते.

चक्का काढावा लागला तर पुलर वापरा. हातोडा नको. हातोड्याने दांडा वाकतो, चुंबकं तडकतात. चक्का आणि दांडा यांच्यामध्ये छोटी अर्धचंद्रासारखी चावी असते, ती कापली गेली आहे का बघा. ती थोडी जरी सरकली तरी ठिणगी भलत्या वेळी पडते आणि माणूस कार्बोरेटर खोलत बसतो.

शेवटी मल्टीमीटरने कॉईल. जाड तारेचा रोध साधारण एक ओहमच्या आसपास, बारीक तारेचा काही हजार ओहम. बारीक तारेत काहीच दाखवलं नाही तर तार तुटली आहे, कॉईल बदलायला हवी. आणि सगळं ठीक दिसलं तरी इंजिन पिंपात निदान अर्धा-पाऊण तास चालवा. थंड इंजिनाने दिलेल्या कौलावर विसंबून राहू नका, हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतो.

पुढं 2012 च्या उन्हाळ्यात तालमीची पोरं माझ्याकडं आली. "सर, हे जुनं डबडं टाकून देऊ. नवीन घेऊ." नव्या मोटरीची किंमत ऐकल्यावर ती गप्प झाली. मग एकाने विचारलं, "सर, मोटारसायकलला आता पॉइंट नसतात. मग याला का असावेत?"

प्रश्न रास्त होता. पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक व्यवस्था बसवण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे पूर्ण सीडीआय. त्यात वेगळी कॉईल एका कंडेन्सरमध्ये दोन-तीनशे व्होल्ट भरून ठेवते आणि इशारा मिळाल्यावर ते एका क्षणात ठिणगीच्या कॉईलमध्ये सोडून देते. ठिणगी फार झटपट येते. ऑईलने माखलेल्या प्लगलाही ती चालते. पण त्यासाठी चक्क्याखालचा सगळा पाट बदलावा लागतो. जुन्या यंत्राला ते बहुधा परवडत नाही.

दुसरा मार्ग सोपा आहे. काड्यापेटीएवढं ट्रान्झिस्टरचं मॉड्यूल मिळतं. पाठीवरचे पेट्रोल फवारणी पंप, गवत कापायची यंत्रं यांत अशीच व्यवस्था असते. जुनी चुंबकं आणि जुनी कॉईल तशीच ठेवायची, फक्त व्हॉल्व्ह बदलायचा. टिकल्यांचं काम ट्रान्झिस्टर करतो. तो घासत नाही, त्याच्यावर थर चढत नाही, त्याची फट मोजावी लागत नाही. वर्षभर पडून राहिलेल्या यंत्राला हा मोठाच फायदा.

आम्ही तसं मॉड्यूल बसवलं. पण त्याचं गुणगान करताना तीन गोष्टी सांगितल्या पाहिजेत.

पहिली अशी, की मॉड्यूल ही संजीवनी नव्हे. कॉईल तडकलेली असेल, चुंबकं गंजलेली असतील, तर ते काही करू शकत नाही. आणि दांड्याचं बेअरिंग झिजलं असेल तर पॉइंटची फट सारखी बदलते आणि इंजिन तक्रार करायला लागतं. मॉड्यूल लावल्यावर ती तक्रार बंद होते, बेअरिंग मात्र झिजतच राहतं.

दुसरी, ठिणगीची वेळ बदलते. पॉइंट दांड्याच्या उंचवट्यावर उघडतात, मॉड्यूल कॉईलमधल्या विजेच्या चढ-उतारावर चालतं. ठिणगी फार आधी पडली तर सुरू करताना दोरी उलटी ओढली जाते आणि मनगटाला हिसका बसतो. उशिरा पडली तर इंजिन तापतं आणि ओढत नाही. म्हणून बसवल्यावर टायमिंग लाइटने वेळ तपासून घ्यावी. ठिणगी अजिबातच आली नाही तर मॉड्यूल खराब आहे असं लगेच समजू नका. चुंबकाच्या उत्तर-दक्षिण दिशेनुसार त्याच्या तारा उलट-सुलट जोडाव्या लागतात.

तिसरी गोष्ट पूरग्रस्त भागासाठी महत्त्वाची आहे. पॉइंट नदीकाठी चाकूच्या पात्याने घासून चालू करता येतात. मॉड्यूल गेलं तर गेलंच. म्हणून मी पॉइंट आणि कंडेन्सर काढले नाहीत. कॉईलची तार वेगळी आणि पॉइंटची तार वेगळी अशा दोन्ही पाटाखालून बाहेर आणल्या आणि एका पट्टीवर स्क्रूने जोडल्या. कॉईलची तार मॉड्यूलला लावली की इलेक्ट्रॉनिक, पॉइंटच्या तारेला लावली की जुनी पद्धत. बदलायला एक स्क्रूड्रायव्हर आणि दोन मिनिटं पुरतात. पोरं हसली. "सर, कमरेला पट्टा आन् वर करदोटा!" म्हणाली. मी म्हटलं, हसा.

2019 च्या ऑगस्टमध्ये शिरोळ तालुक्यातली गावंच्या गावं पाण्याने वेढली. एनडीआरएफ, लष्कर, नौदल यांची पथकं आली, पण ती पोहोचेपर्यंत आणि पोहोचल्यावरही गावच्या होड्या चालतच होत्या. आमच्या इंजिनाने दोन दिवस एकदाही खोट दाखवली नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ते एका वस्तीपाशी बंद पडलं. होडीत दोन म्हातारी माणसं आणि एक बाळंतीण तान्ह्या बाळासह बसलेली. ठिणगी नव्हती. मॉड्यूल मी जिथं बसवलं होतं तिथं लाटेचं पाणी उडत होतं आणि सात वर्षांत त्याच्या तारांच्या तोंडाशी लावलेलं सील फाटलं होतं. ही चूक कंपनीची नव्हे, माझी. जागा मी निवडली होती आणि सील मी कधी तपासलं नव्हतं.

होडीवर मी नव्हतो. मला हसणाऱ्या पोरांपैकीच एक जण होता. त्याने बॅटरीच्या उजेडात स्क्रू सोडवला, तार बदलली आणि दोरी ओढली. तिसऱ्या झटक्याला इंजान सुरू झालं. पॉइंट त्याने जूनमध्येच घासून ठेवले होते. घरी येऊन त्याने मला फक्त एवढं सांगितलं, "सर, करदोटा उपयोगी पडला."

त्याच महापुरात, 8 ऑगस्ट 2019 रोजी, पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला माणसांना बाहेर काढणारी होडी उलटली आणि अनेकांचे जीव गेले. ती बातमी ऐकल्यापासून मी कुणालाही 'इंजिन चांगलं आहे, मग काळजी नाही' असं म्हणत नाही. होडीत माणसं किती, प्रत्येकाच्या अंगात लाइफ जॅकेट आहे का, वल्ही दोन आहेत का, दोर आहे का, हे इंजिनाच्या आधी बघायचं. इंजिन सुरू असलं तरी होडी बुडू शकते. पण ते बंद पडलं तर होडी पाणी नेईल तिकडं जाते, हे मी बाभळीवर बसून पाहिलं आहे.

आणखी एक सांगतो. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल उसापासूनही होतं, म्हणजे आपल्याच शेतातला माल. पण ते हवेतली ओल ओढून घेतं. पेट्रोल महिनोन् महिने टाकीत राहिलं तर पाणी तळाशी बसतं. म्हणजे तात्यांचं 'पेट्रोलात घाण' हे म्हणणं आता पूर्वीपेक्षा जास्त वेळा खरं ठरणार आहे. पावसाळा संपला की टाकी आणि कार्बोरेटर रिकामा करून ठेवा आणि पुढच्या वर्षी ताजं पेट्रोल भरा. ठिणगी आहे आणि तरी इंजिन सुरू होत नाही, तर मग पेट्रोलकडं वळा. आधी ठिणगी, मग पेट्रोल, हा क्रम सोडू नका.

आमच्याकडं आता एक नेम ठरला आहे. मृग निघायच्या आधीच्या रविवारी इंजिन पिंपात लावायचं. प्लग, टोपी, बटणाची वायर, पॉइंट, मॉड्यूलचं सील सगळं बघायचं आणि पाऊण तास चालवायचं. आधी मॉड्यूलवर, मग तार बदलून पॉइंटवर. पुढं पावसाळाभर दर रविवारी दहा मिनिटं. होडीच्या डब्यात दोन जादा प्लग, एक कंडेन्सर, पान्हा, स्क्रूड्रायव्हर, कानशी आणि बॅटरी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवायची. दोरी ओढायला दर वेळी नवा मुलगा पुढं करायचा, म्हणजे पुरात एकट्या माणसावर सगळं अडून राहत नाही.

तात्या आता थकलेत. होडीवर जात नाहीत. पण त्या रविवारी पिंपाशेजारी खुर्ची टाकून बसतात. पोरांनी दोरी ओढली की मोठ्यांदा मोजतात. तीनच्या वर आकडा गेला तर म्हणतात, "खोला रं त्ये." मग पोरं मुकाट्याने चक्का खोलतात.

नदीकाठच्या ज्या गावांत, ज्या तालमीत, ज्या ग्रामपंचायतीच्या खोलीत असं एखादं इंजिन ताडपत्रीखाली पडून असेल, तिथल्या मंडळींना माझी विनंती एवढीच. ताडपत्री आजच काढा. पाणी घाटाच्या पायऱ्यांवर असतानाच दोरी ओढून बघा.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)